काशिनाथच्या कानांनी ऐकलेला ऑपेरा

इटलीहून परतल्यावर त्या प्रवासाबद्दल मी नाशकात बऱ्याच जणांना सांगितलं. तिथलं धुकं सांगितलं, टेकड्यांवरच्या द्राक्षबागा सांगितल्या, ऑपेरा पाहिल्याचंही सांगितलं. पण त्यातल्या एका रविवारबद्दल मी अर्धंच सांगत आलो. आता एका मित्राने आग्रह धरला आहे की हे लिहून काढ, आपल्यातलं कुणी तिकडे गेलं तर उपयोग होईल. उपयोगाचं मला माहीत नाही. पण लिहायचंच तर सगळं लिहायला हवं. म्हणून फक्त त्या गावाचं नाव गाळतो, बाकी काही गाळत नाही.

विंचूर ते मुंबई

२००५ सालचा डिसेंबर. विंचूरच्या वाइन पार्कात तेव्हा एकेक शेड उभी राहत होती आणि तिथल्या एका छोट्या वायनरीत मी प्रयोगशाळा सांभाळत होतो. आमच्या मालकांची इटलीतल्या एन्रिको नावाच्या बागायतदाराशी ओळख होती. आदल्या वर्षी तो आमच्याकडे आला तेव्हा ऑक्टोबरची छाटणी चालू होती. बागेत तीस माणसं असताना तो दिवसभर एकाच माणसाच्या मागे फिरत राहिला. तो माणूस म्हणजे काशिनाथ गावित. सुरगाण्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. घरची भात-नागली सांभाळून दर छाटणीला बायकोला घेऊन आमच्याकडे यायचा. वेलीपुढे उभा राहिला की क्षणभर नुसता बघायचा, मग त्याची कात्री चालायची, आणि एकदा कापलं की पुन्हा त्या फांदीकडे वळायचा नाही.

एन्रिकोने जाताना मालकांना सांगितलं की वाइनच्या द्राक्षाची आमची छाटणी बघायला माणसं पाठवा, आणि हा माणूस नक्की पाठवा. त्याप्रमाणे आम्ही दोघं निघालो. काशिनाथ छाटणी शिकणार आणि मी दुभाषा. काशिनाथ माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला साहेब म्हणायचा. बागेत तशीच रीत होती आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मुंबईच्या विमानतळावर पहिलीच अडचण आली. काशिनाथने त्याची छाटणीची कात्री फडक्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवली होती. तपासणीवाल्याने ती काढून घेतली. अकरा वर्षं वापरलेली कात्री. असं काही पिशवीत चालत नाही हे त्याला सांगणं माझं काम होतं आणि मी विसरलो होतो. पण त्या माणसासमोर मी काशिनाथवरच डाफरलो की एवढंही कळत नाही का.  काशिनाथने फडकं तेवढं घडी करून खिशात ठेवलं.

धुक्यातलं गाव

एन्रिकोचं गाव उत्तरेला, टेकड्यांच्या पायथ्याशी. सकाळी दहापर्यंत धुकं इतकं दाट की समोरच्या ओळीतला वेल दिसायचा नाही, फक्त कात्र्यांचा आवाज यायचा. काशिनाथला पहिल्या दिवशी एन्रिकोने स्वतःची जुनी कात्री दिली. त्यांची पद्धत आमच्यापेक्षा वेगळी, वेलीवर एकच लांब काडी ठेवायची आणि ती तारेला वाकवून बांधायची. एन्रिको इंग्रजीत सांगणार, मी मराठीत सांगणार, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून दोघांना माझी गरज उरली नाही. एन्रिको बोट दाखवायचा, काशिनाथ मान हलवायचा किंवा हलवायचा नाही. मी बांधावर हात चोळत उभा राहायचो.

जेवणाची मात्र गंमत झाली. तिकडे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा करतात, पोलेंता म्हणतात त्याला. लाकडी पाटावर ओततात आणि वडीसारखा कापतात. मला तो गिळवेना. काशिनाथने बरोबर आणलेली खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी काढली, त्यावर पसरली आणि आरामात खायला लागला. एन्रिकोने ती चटणी मागून घेतली. नागलीचं पीठ असतं तर आणखी जमलं असतं, असं काशिनाथ म्हणाला. हे मी एन्रिकोला सांगितलं, पण नागलीला, म्हणजे नाचणीला, इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना, म्हणून ‘गरीब लोकांचं धान्य’ असं सांगितलं. आता लिहिताना वाटतं, पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं होतं.

एन्रिकोची मावशी रोझान्नाबाई गावातच राहायच्या. वय सत्तरीचं. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि गावातल्या जुन्या नाट्यगृहात तीस वर्षं ऑपेराच्या समूहात गायलेल्या. ओळख झाली तेव्हा त्यांनी मला विचारलं की तुम्हाला संगीताची आवड आहे का. लहानपणी मी पेटी शिकलो, दोन परीक्षा दिल्या, पुढे सगळं सुटलं. एवढंच सांगायला हवं होतं. मी म्हणालो की आमच्या घरात संगीतच आहे, आणि ऑपेराही मी थोडाफार ऐकला आहे. ऑपेराचा एक सूरही माझ्या कानावर पडलेला नव्हता. बाई खूष झाल्या. रविवारी दुपारी खेळ होता, त्यांनी आमच्यासाठी दोन तिकिटं आणली. काशिनाथला नेण्याची गरज नाही असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी ते ऐकलं नाही.

रविवार

ज्यांनी ऑपेरा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नाट्यगृह घोड्याच्या नालाच्या आकाराचं, चार मजले सज्जे, मधाच्या पोळ्यासारखे. रंगमंचापुढे एक मोठा खड्डा, त्यात चाळीस-पन्नास वादक बसतात. माइक कुठेच नाही. आमच्याकडे गणपतीच्या मंडपात दहा माणसांसमोर बोलायलाही माइक लागतो. इथे एक बाई नुसत्या छातीच्या जोरावर शेवटच्या मजल्यापर्यंत पोचते. संवाद जवळजवळ नाहीत, सगळं गाऊनच. रंगमंचाच्या वर पट्टीवर शब्द उमटत होते, पण तेही इटालियनमध्ये.

गोष्ट रोझान्नाबाईंनी आधीच सांगून ठेवली होती. नावाड्याची मुलगी आणि नदीपलीकडच्या सधन घरातला मुलगा. पहिल्या अंकात ती त्याला नावेतून पार नेते, तिथे जीव जडतो. दुसऱ्यात त्याचं लग्न भलतीकडेच ठरतं आणि वऱ्हाड पार न्यायची नाव नेमकी हिची असते. तिसऱ्यात ती नदीत जीव देते.

खरं सांगायचं तर पहिल्या अंकात मला झोप आली. दर सूर ताणलेला, कुठे थांबायचं ते कळेना. एकदा गाणं संपलं असं समजून मी टाळ्या वाजवल्या आणि आख्ख्या नाट्यगृहात माझ्या एकट्याच्याच टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यानंतर मी छतावरची नक्षी बघत बसलो. काशिनाथ शेजारी होता. मी दिलेला कोट त्याला खांद्यात घट्ट होत होता. तो पुढे वाकून दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसला होता. मला वाटलं अवघडला असेल.

दुसऱ्या अंकानंतर मध्यंतर झालं. रोझान्नाबाई त्यांच्या ओळखीच्या माणसांकडून सुटून आमच्याकडे यायला निघाल्या होत्या. तेवढ्यात काशिनाथ हळूच मला म्हणाला, “साहेब, पहिल्यांदा नावेत भेटले तवा जी चाल वाजली, तीच आता लग्नाच्या नावेत वाजली. पण खाली आणलीय, आन लय हळू. पोरगी काय बोलंना, पण वाजवणाऱ्यांना ठाव हाय.”

मी विचारलं, तुला कसं कळलं. तो म्हणाला की आमच्या बोहाड्यात तसंच असतं. ज्यांना बोहाडा माहीत नाही त्यांना सांगतो, सुरगाणा-पेठकडच्या गावांत देवांचे लाकडी मुखवटे घालून सोंगं नाचवतात, त्या उत्सवाला बोहाडा म्हणतात. प्रत्येक सोंगाची संबळावरची चाल वेगळी. सोंग दिसायच्या आधी चाल येते, त्यावरून लोकांना कळतं कोण येणार ते. काशिनाथच्या घराण्याकडे एक मुखवटा होता आणि लहानपणापासून तो संबळाच्या शेजारी उभा राहत आला होता. तो म्हणाला, “म्हणून मी बाईकडं कमी बघतो, खड्ड्याकडं ऐकतो.”

रोझान्नाबाई आल्या. त्यांनी मला विचारलं की काय ऐकलंत.

त्यांच्याबरोबर आणखी दोघं होते, चांगल्या कपड्यांतले, वयस्कर. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी टाळ्या वाजवल्या होत्या ते त्यांनी पाहिलं असणार, असं माझ्या मनात आलं. आणि मी म्हणालो की पहिल्या अंकातली भेटीची चाल लग्नाच्या नावेत परत येते, पण खालच्या सुरात आणि संथ. मुलगी गप्प आहे, पण वादकांना सगळं माहीत आहे. शब्दन् शब्द काशिनाथचा. नुसता इंग्रजीत.

रोझान्नाबाईंनी माझा हात धरला. त्यांनी ते इटालियनमध्ये त्या दोघांना सांगितलं, त्यांनीही माना डोलावल्या. बाई म्हणाल्या की हे समजायला आमच्या माणसांना वर्षं लागतात. मग त्यांनी काशिनाथकडे बघून विचारलं, आणि तुमच्या मित्रांना कसं वाटलं?

तेव्हाही वेळ होती. मी म्हणालो, “तो मजूर आहे. त्याला हे सगळं नवं आहे, तो कपडे बघतोय.”

बाई काशिनाथकडे बघून हसल्या. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय हे कळून तोही हसला.

तिसरा अंक मी नीट ऐकला. खड्ड्याकडे लक्ष ठेवलं. नावाड्याची मुलगी पाण्यात उतरली तेव्हा ती चाल पुन्हा आली, एकाच बासरीवर, आणि तेव्हा ती मला ओळखता आली. अंगावर काटा आला. ऑपेरा मला कळायला लागला तो असा, चोरलेल्या वाक्याच्या आधाराने. शेजारी काशिनाथ डोळे पुसत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मंगळवार

रोझान्नाबाईंनी मला मंगळवारी दुपारी जेवायला बोलावलं. समूहातल्या तिघी मैत्रिणी आणि नाट्यगृहात गायकांना पियानोची साथ करणारे एक गृहस्थ येणार होते. काशिनाथलाही आणा असं त्या म्हणाल्या होत्या. त्याला तिथे अवघडल्यासारखं होईल असं सांगून मी त्याला बागेत पाठवलं.

जेवण उत्तम झालं. भोपळ्याचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या, पण चौकोनी वड्या लोण्यात घोळवलेल्या. मला आग्रह चालला होता, कौतुक चाललं होतं. मग ते गृहस्थ पियानोपाशी बसले आणि बाई म्हणाल्या की ती चाल कशी बदलली ते तुम्ही जरा गुणगुणून दाखवा, यांना तुमच्याकडून ऐकायचं आहे.

तिसऱ्या अंकात ओळखलेली चाल दोन दिवसांत माझ्या डोक्यातून गेली होती. मी घसा खाकरला. जे तोंडात आलं ते गुणगुणलो. ते पेटीवर शिकलेल्या भूपाच्या सरगमीसारखं काहीतरी होतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्या गृहस्थांनी माझी अडचण ओळखून आपणच त्या ऑपेरातल्या एकेक चाली वाजवायला सुरुवात केली, म्हणजे मला आठवेल. दरवेळी ते माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचो, कधी हो, कधी नाही, अंदाजाने.

इतक्यात बाहेर पाऊस भुरभुरायला लागला होता, म्हणून छाटणी थांबवून एन्रिको काशिनाथला घेऊन आला. काशिनाथ दारात बूट काढत वाकला होता. बुटांना चिखल होता. पियानोवर पुढची चाल सुरू झाली आणि तो वाकलेला तसाच थांबला. मग उभा राहिला आणि म्हणाला, “ही.”

मराठीत म्हणाला, पण सगळ्यांना कळलं. ते गृहस्थ थांबले. काशिनाथने मोजे घातलेल्या पायांनी दोन पावलं आत येऊन ती चाल गुणगुणली, आधी पहिल्या अंकातली, मग हाताचा तळवा खाली नेत दुसऱ्या अंकातली, खाली आणि हळू. गृहस्थांनी त्याच्यामागून तसंच वाजवलं. बायकांपैकी एकीने त्यात आपला आवाज मिसळला. काशिनाथ दचकला नाही. तो बोटांनी मांडीवर ठेका देत होता.

संपल्यावर रोझान्नाबाई माझ्याकडे वळल्या. आवाज न चढवता त्यांनी इंग्रजीत विचारलं, “रविवारी तुम्ही जे बोललात, ते कोणाचं होतं?”

मी म्हणालो, “आम्ही दोघं त्यावर बोललो होतो.”

 त्यांनी एक खुर्ची उचलून पियानोजवळ नेली आणि काशिनाथला तिथे बसवलं. त्याच्यापुढे ताट आणून ठेवलं. त्यानंतर त्या त्याच्याशी इटालियनमध्ये बोलत होत्या आणि तो त्यांच्याशी मराठीत. हातवारे, ठेका, मधूनच पियानो. त्याने मुखवटा कसा बांधतात ते रुमाल तोंडावर धरून दाखवलं. त्याला ‘तुम्ही’ म्हणण्यासाठी त्यांच्या भाषेत जो शब्द आहे तोच त्या वापरत होत्या, हे मला नंतर एन्रिकोकडून समजलं. मला भाषांतराला कुणी बोलावलं नाही. मी खिडकीपाशी कॉफीचा कप घेऊन बसलो आणि तो कप संपल्यावरही धरून बसलो.

राहिलेले चार दिवस मी काशिनाथशी कामापुरतं बोललो. तो नेहमीसारखाच होता. परत आल्यावर नाशिकच्या स्टँडवर मी त्याला सुरगाण्याच्या गाडीत बसवलं आणि घरी गेलो.

सुरगाण्याकडे

जानेवारीत मी रोझान्नाबाईंना पत्र लिहिलं. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं. रविवारी मी खोटं बोललो आणि मंगळवारी पुन्हा बोललो, हे कबूल केलं. माफी मागितली. पत्र टाकल्यावर मला हलकं वाटलं, दोन आठवडे मी चांगला झोपलो. मग त्यांचं उत्तर आलं. चारच ओळी होत्या. तुमचं पत्र प्रामाणिक आहे, पण तुम्ही पत्ता चुकवलात, असं त्यांनी लिहिलं होतं.

तोवर आमच्याकडे द्राक्षांची तोड आणि गाळप सुरू झालं, मग ते आटपेपर्यंत मार्च संपत आला. एप्रिलमधल्या खरड छाटणीसाठी मुकादमाने माणसांची यादी दिली त्यात काशिनाथचं नाव नव्हतं. वणीकडच्या एका बागेत जाणार म्हणाला, एवढंच मुकादमाला माहीत होतं. तेव्हा एका रविवारी मी मोटारसायकल काढली. दिंडोरी, वणी करत घाट चढलो. भाताची खाचरं कोरडी पडली होती, मोह गळत होता आणि बायका टोपल्यांत फुलं वेचत होत्या. इतकी वर्षं त्या गावांची माणसं आमच्या बागेत राबत होती आणि मी त्या रस्त्याने पहिल्यांदाच जात होतो.

काशिनाथचं घर कुडाचं, सारवलेलं. त्याच्या बायकोने पाणी दिलं, कोरा चहा ठेवला. साहेब आलेत म्हणून शेजारचे सात-आठ जण गोळा झाले. काशिनाथने त्यांना इटलीचा ऑपेरा आधीच सांगितलेला होता, पण माझ्यासमोर पुन्हा सांगायला लावला. त्याने सांगितला, नावेसकट, वऱ्हाडासकट. एका म्हाताऱ्याने विचारलं की तुला त्यांची बोली कळली कशी. काशिनाथ म्हणाला, “साहेब व्हते ना, त्यांनी सांगितलं.”

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

चहा झाल्यावर मी त्याला बाहेर घेऊन आलो. मोटारसायकलपाशी उभं राहून त्याला सगळं सांगितलं. त्याचं बोलणं मी माझं म्हणून सांगितलं, आणि तो मजूर आहे, कपडे बघतोय असं म्हणालो, हेही सांगितलं. पहिल्यांदाच त्याला काशिनाथभाऊ म्हणालो. तो शब्द माझ्या तोंडात नीट बसला नाही आणि त्यालाही ते जाणवलं असणार.

त्याने खाली बघत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मला ठाव हाय. तवाच कळलं व्हतं.”

मी विचारलं, कसं.

“तुम्ही बोलले तवा बाईनं तुमचा हात धरला. आन माझ्याकडं बघून हसली, ल्हान पोराकडं बघून हसत्यात तशी.”

मग तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. तिथे नाही तर निदान परत येताना, मला एकट्याला तरी. मला वाटतं, त्याने मला मोठ्या मनाने माफ केलं होतं असं काहीतरी मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तेवढ्यासाठीच मी घाट चढून आलो होतो, हे मला ते विचारताना कळलं.

काशिनाथने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे.

“कसं बोलनार, साहेब? त्या मुलखात मला तहान लागली तर पाणीसुद्धा तुमच्याच तोंडून मागाया लागायचं.”